राखीव

पत्रक आलंय : दुपारी चारपर्यंत कळवा,
जिल्ह्यातलं नौदलाचं मनुष्यबळ,
नियमित किती, राखीव किती,
पैकी स्वयंपाकी, यंत्रावरचे,
बिनतारीचे, तोफेचे, पाणबुडे.
खाली बारीक अक्षरात :
निरंक असल्यास निरंक लिहावे.

मी सिव्हिल लाइन्सच्या या कचेरीत नऊ वर्षं आहे.
समुद्र पाहिलेला नाही.
लग्नानंतर गणपतीपुळ्याचं ठरलं होतं,
सासऱ्यांचं हर्नियाचं निघालं.

जवळच तो शून्य मैलाचा खांब.
त्यावर बैतूल आहे, छिंदवाडा आहे, हैदराबाद आहे.
समुद्र किती मैल ते कोरायचं
कुणाला सुचलं नाही.
आणि राखीव म्हटलं की आमच्याकडे
आधी जंगल आठवतं, मग एसटीतली खिडकीजवळची जागा.
माणसं नंतर.

मे महिना. कूलरच्या टाकीतलं पाणी
हाच काय तो ऑफिसातला जलाशय.
फोन लावत बसते.

नियमितमध्ये यंदा भर एकीची :
श्रुतिका वासनिक, वय वीस, राहणार वाडी.
तिची आई दर महिन्याला येऊन विचारते
जहाजाला खिडकी असते काय,
आणि मी, असावी, म्हणते.

राखीवमध्ये हरिदास हेडाऊ, यंत्रावरचा.
सध्या कोराडीला बॉयलरजवळ रात्रपाळी.
झोपेतून उठून बोलला,
"उकाडा तोच आहे न ताई, फक्त हालत नाही."

शालिक मोटघरे, स्वयंपाकी.
तीनशे माणसांची डाळ डुलत्या चुलीवर
एक थेंब न सांडता शिजवलेली.
आता धरमपेठेत पोह्याचा ठेला.
"बोलावलं तं जाईन जी,
पण तिकडे तर्री कोन खाते?"

पुंडलिक दंदे यांचा फोन बायकोनं उचलला.
"ते होळीच्या आधीच गेले.
काहून? बोलावणं आलं काय?"
तिच्या आवाजात इतकी तयारी होती,
जणू आत्ता उठेल, पेटी उघडेल,
पांढऱ्या कपड्यांतल्या डांबरगोळ्या झटकेल.
मला "नाही" म्हणायला वेळ लागला.
एक कमी केला.

चिंधू नान्हे, पाणबुडा. फोन बंद.

अडीच वाजता स्वतःच दारात.
केस ओले, पँट गुडघ्यापर्यंत ओली,
तसाच खुर्चीवर बसला, पाणी मागितलं.
अंबाझरीवर होतो, म्हणाला.
कालपासून शोधत होते. कॉलेजचं पोरगं.
अग्निशमनवाल्यांनी सकाळी मला उठवलं.
मिळालं?
मिळालं.
दुसरा ग्लास मागितला.

ढिवराचा पोरगा, तलावाकाठी जन्मलेला.
नौदलात पंधरा वर्षं
जहाजांच्या पोटाला चिकटलेले शिंपले खरवडले त्यानं.
इथे कोणी बुडालं की बोलावणं त्यालाच येतं,
कोणत्याही पत्रकाशिवाय.

"नान्हे, राखीव यादीतून तुमचं नाव निघालं.
वय झालं. जानेवारीतच."

तो रजिस्टरकडे पाहत राहिला,
उलट्या बाजूनं, अक्षरं लागत नसताना.
"मंग आता कोनत्या रकान्यात, मॅडम?"

रकाने मी पुन्हा वाचले, वरून खाली.
कूलर घरघरत होता.
तोच उठला मग.
पुतणीच्या लग्नाची पत्रिका ठेवली टेबलावर,
या, म्हणाला, मौद्याला आहे, जेवायला या.

पावणेचार. मागच्या वर्षी एकशे बारा,
या वर्षी एकशे दहा.
एक दंदे. एक नान्हे.
हिशेब बरोबर आहे, साहेब सही करतील.
पाणबुड्यांसमोर मी निरंक लिहिलं,
चांगल्या अक्षरात.

समोरच्या खुर्चीच्या रेग्झिनवर
अंबाझरीचं पाणी, पसरट,
मे असूनही वाळायला मागत नव्हतं.
धनराज फडकं घेऊन आला,
पुसू काय जी?
म्हटलं, राहू दे.
आधी पत्रक पाठव.